टॉवेलाखालचा पंखा

"मॅडम, तुमच्या आवाजामागे कोणीतरी घोरतंय," पुण्याहून संस्कृती फोनवर म्हणाली.

घोरत कोणी नव्हतं. रेकॉर्ड करताना दार लावून, खिडकीला उशा टेकवून मी खोलीत एकटी बसले होते. घोरत होता आमचा कॉम्प्युटर.

ही संस्कृती पुण्यातल्या एका कंपनीत कामाला आहे. कंपनी कानात घालून ऐकायच्या मालिका बनवते. लोक भांडी घासताना, गाडी चालवताना ऐकतात म्हणे. त्यांची नवी मालिका सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यावर होती आणि तिच्यात काशम्मा नावाची बाई होती. अक्कलकोटकडून येऊन सोलापुरात मागावर उभी राहिलेली, तोंडानं फाटकी, कोणाच्या बापाला न घाबरणारी. मी अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची. लग्न होऊन भवानी पेठेत आले आणि आल्यापासून घरबसल्या टॉवेलाच्या कडा शिवते. तोंडाचं म्हणाल तर सासरी विचारा. फोनवरून पाठवलेला माझा आवाज ऐकून संस्कृती खूश झाली होती. हीच काशम्मा, म्हणाली होती. फक्त खरं काम फोनवर चालणार नाही, नीट माईक लावून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाठवा, एवढीच अट.

ते पाठवलं, तर हे घोरणं.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत स्वच्छ आवाज आला तर ठीक," संस्कृती म्हणाली. "नाहीतर आमच्याकडे इथली एक आर्टिस्ट आहे. ती ग्रामीण टोन छान काढते. तुम्हाला कल्पना यावी म्हणून तिचा नमुना पाठवते."

काढते! विहिरीतून पाणी काढावं तसा टोन काढते. नमुना ऐकला. नाक दाबल्यासारखा आवाज करून ती बाई म्हणत होती, "व्हय जी, म्या गरीब बाई जी, म्या काय बोलनार जी." माझं डोकंच फिरलं. असं कोणत्या गावात बोलतात? मागावर उभी राहणारी बाई खडखडाटात दिवसभर ओरडून बोलते, तिचा घसा ताशासारखा असतो, ती 'जी' कोणाला करत बसणार आहे? आणि आमच्याकडची बाई रागात आली की मराठी सोडून कानडीत घुसते, 'हौदु, हौदु', म्हणजे 'हो, हो', म्हणत अंगावर येते, ते या नाकातून बोलणाऱ्या बाईला स्वप्नात तरी ठाऊक आहे का? काशम्माचं तोंड तिच्या हाती गेलं असतं, तर सोलापूरच्या निम्म्या बायकांची तिनं भिकारीण करून ठेवली असती. ते मी होऊ देणार नव्हते. पंखा तर पंखा. गप्प करायचा.

कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याचा. म्हणजे घराचाच, पण देवदत्त त्याला 'माझी असेंबली' म्हणतो. तो शाळेत क्लार्क आहे. एकेक भाग जमवून, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं तो स्वतः जोडला. पाहुणे आले की चहाच्या आधी कॉम्प्युटर दाखवतो. त्याला नाव ठेवलं की त्याच्या पोराला नाव ठेवल्यासारखं तोंड करतो.

"अहो, तुमचा पंखा घोरतो," मी म्हणाले.

"घोरत नाही, फिरतो. प्रोसेसरवर लोड आला की फॅन स्पीड घेतो. ते नॉर्मल आहे."

"कसला लोड? मी नुसती बोलते. बोलण्याचा लोड येतो होय त्याला?"

"तुझ्या बोलण्याचा मला येतो, त्याला का येणार नाही?"

त्यावर तो स्वतःच हसला. मी हसले नाही. मग सॉफ्टवेअरनं आवाज काढून टाकतो म्हणून बसला. घोरणं गेलं, पण माझा आवाज पिठाच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. मग म्हणाला, फॅनच बदलू. नवा फॅन आणला, कॅबिनेटच्या पाठीमागं असतो तो बदलला, बटण दाबलं. दोघंही कान लावून बसलो. थोडा वेळ शांत. मग हळूहळू आवाज चढला आणि पहिल्यासारखाच घोरायला लागला.

"आता काय करणार? जुनं मशीन आहे," देवदत्त म्हणाला.

आता काय करणार! हे तीन शब्द आमच्या घरात मिठापेक्षा जास्त वापरले जातात. 

एक अडचण आणखी होती. आमच्या भिंतीला भिंत लावून सुंदरम्माचे माग आहेत. सकाळी सुरू झाले की आमच्या फळीवरचे पेले नाचतात. आमच्या गल्लीत शांतता दोनदाच होते. एक शुक्रवारी, कारण त्या दिवशी तिच्या मागांना सुट्टी. आणि दुसरी, लाईट गेल्यावर. पण लाईट गेली की कॉम्प्युटरही जातो. म्हणजे शुक्रवार एके शुक्रवार. त्याच्या आत पंख्याचा निकाल लावायचा होता.

तरी मी सुंदरम्माकडे जाऊन आले. तीही काही कमी तोंडाची नाही. तेलुगूत सुरू होते, मराठीत संपवते.

"थोडा वेळ माग बंद ठेवशील का गं एखाद्या दिवशी?" मी विचारलं.

"अय्यो! बंद? कशाला?"

"मला बोलायचंय."

"तू बोलायली की माझे मागच ऐकू येत नाहीत, इंदू. बंद कशाला ठेवायचे?" असं म्हणून ती हसत सुटली. जाताना सुताचे दोन रिकामे कोन मात्र हातात दिले. पुठ्ठ्याचे ते उभट कोन आमच्या पेठेत कचऱ्यासारखे पडलेले असतात. कोणी त्यात पेनं ठेवतं, कोणी उदबत्ती लावतं. मी घेतले आणि घरी आले.

घरी आल्यावर डोक्यात आलं. कोनाचं बारीक टोक कानाला लावलं आणि रुंद तोंड कॉम्प्युटरकडे धरलं. देवदत्तनं एका बाजूचा पत्रा आधीच काढून ठेवला होता. पाठीमागच्या नव्या पंख्याजवळ नेलं, तिथं नुसता वाऱ्याचा सूर होता. खाली वीज येते त्या डब्याजवळ नेलं, तोही गरीब. मग मधल्या पंख्यासमोर धरलं, तो प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला असतो. कानात कोणी किंचाळावं तसा आवाज आला. मी कोन टाकून दिला.

"हाच," मी म्हणाले. "तुम्ही दुसराच पंखा बदलला."

देवदत्त पेपर वाचत होता. "अगं, तो प्रोसेसरचा फॅन आहे. त्याला हात लावायचा नाही. तो काढायचा म्हणजे खालचा प्रोसेसर उघडा पडतो. एक पिन वाकली की बोर्ड गेला. मग तुझी काशम्माही गेली आणि माझी असेंबलीही."

"मग उघडून बघायचंच नाही?"

"नाही."

"आणि त्या नाकातल्या बाईला देऊन टाकायचं?"

"इंदू, त्यांच्याकडं स्टुडिओ आहे, भिंतीला स्पंज आहे. आपल्याकडं काय आहे? उशा! आपण कुठं पुरे पडणार?"

मला राग आला तो यानं. आपण कुठं पुरे पडणार! मला न जमणारी गोष्ट असेल तर मी सोडून देईन, पण हात लावायच्या आधी कशी सोडू?

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि मी उघडायला बसले. वायर काढली. शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. खाली चादर अंथरली. मोबाईलवर एका पोराचा व्हिडिओ लावला, तो हिंदीत भराभर सांगत होता, मी थांबवून थांबवून बघत होते. पंख्याच्या चार कोपऱ्यांना चार पाय असतात. पाय फिरवायचा, वर ओढायचा. तीन निघाले. चौथा निघेना. पाणी पिऊन आले. पुन्हा बसले आणि ओढला. निघाला.

पंखा त्याच्याखालच्या लोखंडासकट हातात आला. म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पातळ पाकळ्यांचं एक चाक, त्याच्या डोक्यावर पंखा. त्या पाकळ्यांमधून वारा जायचा आणि खालची उष्णता काढून न्यायचा, असं ते असतं. दोघांना जोडणारे आकडे सोडवले आणि पंखा उचलला.

पाकळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर एक गोल गादी बसली होती. मऊ, दाट, बोटानं दाबली तर दबणारी. मी एका टोकाला नख घातलं आणि ती अख्खी वर आली, डोशासारखी. धुळीची म्हणावी तर धूळ अशी नसते. ही सुताची लव होती, दाबून दाबून बसलेली. आणि तिचा रंग गुलाबी होता.

मी मान वर करून बघितलं. दाराच्या मागं खिळ्याला गुलाबी टॉवेल लटकत होता.

आता हे सोलापूरच्या बाहेर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आमच्याकडे डागी, म्हणजे विणताना खोट राहिलेले टॉवेल इतके असतात की घरातली एकही वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरवर टॉवेल, टीव्हीवर टॉवेल, फ्रिजवर चादर, शिलाई मशीनवर चादर. देव्हाऱ्याच्या खाली नॅपकिन. वस्तूवर प्रेम असलं की आम्ही तिला झाकतो. आणि कॉम्प्युटर झाकायचं काम आमच्या मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. एकनाथमामा टॉवेल कारखान्यात जन्मभर मागावर होते. मागांनी त्यांचे कान खाल्ले. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या वस्तू झाकत फिरतात. कॉम्प्युटर चालू असो की बंद, त्यांना दिसला की ते खिळ्यावरचा टॉवेल काढतात, झटकतात आणि नीट चारही टोकं जुळवून वर घालतात. वरच्या जाळीतून पंखा वारा ओढणार, आणि वाऱ्याबरोबर टॉवेलाची लव ओढणार. नवा कोरा टॉवेल किती लव सोडतो ते मला विचारा, शिवताना माझ्या भुवयांवर बसते. असं रोज. पंख्यानं खाली बसून बसून स्वतःचाच टॉवेल विणला होता, आणि त्याच टॉवेलात गुदमरून घोरत होता.

देवदत्त नेमका तेव्हाच आला. दारातच थांबला. त्याची असेंबली चादरीवर पसरलेली, पंखा एकीकडे, लोखंड एकीकडे, आणि बायको मध्ये.

"काय केलंस हे?" त्यानं विचारलं. "इंदू, काय केलंस हे?"

मी गुलाबी गादी त्याच्या हातावर ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला. उलटी केली. मग दाराच्या मागं बघितलं. मग पुन्हा हाताकडे.

"आप्पा," तो म्हणाला. बापाला तो आप्पा म्हणतो.

"व्हय. आप्पा."

तो खाली बसला. बूट काढायचं विसरला. त्यानं ते लोखंड उचललं, उलटं केलं, अंगठा घासला. "इथं पेस्ट असते. बघ, वाळून पापड झालाय. प्रोसेसर आणि याच्यामध्ये ती लागते, नाहीतर उष्णता वर चढत नाही. ही आणावी लागेल." मग जरा थांबून म्हणाला, "तूच काढलंस? चारही पाय?"

"मग काय सुंदरम्मा आली होती?"

पेस्ट आणायला दुसऱ्या दिवशी मीच नवी पेठेत गेले, कारण त्याला सुट्टी नव्हती आणि मला धीर नव्हता. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, सरांना पाठवा. त्यांना कळेल."

"सरांनीच मला पाठवलंय," मी म्हणाले. "सरांना कळत नाही म्हणून." त्यानं मुकाट्यानं सिरिंजसारखी बारीक ट्यूब काढून दिली. मग मी दारातून वळते आहे तोवर ओरडला, "वाटाण्याएवढीच लावा! जास्त नको!" एवढं त्यानं बरं केलं.

रात्रीच्या जेवणाआधी दोघं मिळून बसलो. कपड्यांवर पाणी मारायचा फवारा असतो तसलं काही नको, कोरडाच ब्रश हवा, असं देवदत्तचं म्हणणं. रंगकामाचा ब्रश निघाला. पाकळी न पाकळी साफ केली. वाळलेली पेस्ट पुसली. नवी वाटाण्याएवढी लावली. लोखंड बसवलं, पाय दाबले, वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. थोडा वेळ इतकं शांत की मला हसू यायला लागलं. मग एकदम आवाज चढत गेला, चढत गेला, आणि कॉम्प्युटर खटकन बंद पडला.

पुन्हा लावला. पुन्हा बंद.

"मेला," देवदत्त म्हणाला. "सांगितलं होतं मी. हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं."

मला रडू आलं असतं. पण त्याच्यासमोर? शक्य नाही. मी आठवत राहिले. पाय बसवताना टक् असा आवाज यायला हवा, त्या व्हिडिओतल्या पोरानं सांगितलं होतं. एकेका पायाला टक्. मी दिवसभर शिलाई मशीनसमोर बसते, टाका सुटला की डोळ्याआधी कानाला कळतं मला.

"पाय चार आहेत," मी म्हणाले. "टक् तीनच झाले."

"काय?"

"तीनदाच ऐकलं मी. काढा पुन्हा."

"इंदू, पुरे आता."

"काढा म्हणाले ना! नाहीतर बाजूला व्हा."

तो बाजूला झाला नाही, ते त्याचं खरं. त्यानं टॉर्च धरला. आतल्या कोपऱ्यातला पाय नुसता टेकलेला होता, आत बसलेलाच नव्हता. सगळं लोखंड एका बाजूला अधांतरी होतं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा वाटाणा लावला. या वेळी मी दाबत होते आणि तो मोजत होता. टक्. टक्. टक्. आणि अंगठा पांढरा होईस्तोवर दाबल्यावर, टक्.

बटण दाबलं. आम्ही वाट बघितली. मामा जेवायला बोलवायला आले आणि उभे राहिले, तेही वाट बघायला लागले, कशाची ते त्यांना ठाऊक नसताना. आवाज चढलाच नाही. देवदत्तनं खात्री करायला पाठीमागं तळहात धरला, वारा येतोय का बघायला. येत होता. गार वारा. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातही बघितलं नव्हतं.

"चालू हाय का बंद?" मामांनी विचारलं.

"चालू आहे, आप्पा!" देवदत्त ओरडला.

"मग झाकत का न्हाई?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. देवदत्तनं मान खाली घातली. मला कळलं, हा सांगणार नाही. बापाला कधी काही सांगितलंच नाही त्यानं. मी गुलाबी टॉवेल घेतला, बादलीत भिजत घातला आणि तेवढ्यावर विषय संपला असं समजले. चूक तिथंच झाली.

शुक्रवारी माग बंद होते. गल्लीत पत्र्यावर कावळा चालला तरी ऐकू यावं एवढी शांतता. देवदत्तनं शाळेतून अर्धी रजा काढली होती, पण मी त्याला दाराबाहेर बसवलं. खिडकीला उशा लावल्या, माईक समोर घेतला, वहीतलं पान काढलं. काशम्माला मुकादम म्हणतो, उद्यापासून येऊ नको. आणि काशम्मा त्याला उत्तर देते. सगळी मालिका त्या उत्तरावर उभी होती. मी सुरू केलं. काय बोलत होते ते आता आठवत नाही, पण अंगावर काटा आला होता एवढं आठवतं. पान संपत आलं आणि कानात एक बारीक सूर शिरला. घर्रर्र. मग मोठा. मग पहिल्यासारखा.

मान वळवली. कॉम्प्युटर टेबलाच्या त्या टोकाला, आतल्या दाराजवळ. आणि त्याच्यावर चादर. अस्सल, जाड, मोर विणलेली, लग्नकार्यात द्यायची चादर. नीट चारही टोकं जुळवलेली. आतल्या दारातून मामा दबक्या पावलांनी परत निघाले होते.

"मामा!"

ते वळले. हसले. "टॉवेल कमी पडला म्हनून तू काढलास न्हवं? मला कळलं. म्हनलं पोरगी कामाची वस्तू वापरायली, चांगलं पांघरूण पायजे. ट्रंकेतली काढली."

मी उठले. इतकी वर्षं मी सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. म्हणजे ओरडले रोज, कारण त्यांना ऐकू येत नाही, पण ते ओरडणं वेगळं. हे वेगळं होतं.

"मामा, त्याला झाकू नका!" मी ओरडले. "गुदमरतो तो! तुमच्या टॉवेलानं गुदमरला, आता चादरीनं मरंल! त्याला श्वास घेऊ द्या! झाकू नका म्हणते ना, कधीच झाकू नका!"

सुंदरम्माची खिडकी उघडली. समोरच्या गॅलरीत दोन डोकी आली. माग बंद, त्यामुळे अख्ख्या गल्लीनं ऐकलं की भवानी पेठेतली एक सून सासऱ्यावर ओरडली.

मामा शांतपणे म्हणाले, "एवढं का ओरडायलीस? माग बंद हायत. आज ऐकू येतंय की मला."

देवदत्त दारात उभा होता. त्यानं आत येऊन चादर उचलली. मग खिशातून कागदाची पुडी काढली. ती गुलाबी गादी त्यानं जपून ठेवली होती, मला ठाऊकच नव्हतं. ती बापाच्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला समजावून सांगितलं. कुठून निघाली, कशी निघाली, पंखा का ओरडत होता. हळू बोलला. मामांनी सगळं ऐकलं. गादी बोटांत धरून चोळली.

"आपल्याच टॉवेलाची हाय," म्हणाले.

"हो, आप्पा."

"पंखा कधीपासनं ओरडत होता?"

"लई दिवसांपासून, मामा," मी म्हणाले.

"मला ऐकू आला असता तर झाकला नसता की," ते म्हणाले, आणि चादर खांद्यावर टाकून बाहेर गेले. दाराला पाठ लावून पायरीवर बसले. सुंदरम्मा काय झालं विचारायला आली तर तिला हात आडवा केला. "न्हाई. आत जायचं न्हाई. सून बोलायलीय."

मी पुन्हा माईकसमोर बसले. थोडा वेळ तसंच बसावं लागलं, पंख्याचा आवाज खाली उतरेपर्यंत आणि माझाही. मग पान पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी काशम्मा मुकादमावर ओरडली नाही. 'एवढं का ओरडायलास? मला ऐकू येतंय की,' म्हणाली, हळू आवाजात. पानावर ते वाक्य नव्हतं. पुढं मग तिचा आवाज चढत गेला, मध्ये कानडी आली, 'हौदु' आलं, मी अडवलं नाही. पंखा गप्प होता. पान संपलं तेव्हा खोलीत माझ्या श्वासाशिवाय काही नव्हतं.

संध्याकाळी पाठवलं. शनिवारी संस्कृतीचा फोन आला.

"मॅडम, अहो, काय केलंत तुम्ही? मागे सुईसुद्धा पडत नाही! आणि ते वाक्य कुठून आणलंत? 'मला ऐकू येतंय की'? लेखकाला विचारलं, तो म्हणाला, ठेवा. काशम्मा तुमचीच. त्या दुसऱ्या आर्टिस्टला मी आजच कळवते."

मी खुर्चीत टेकले. देवदत्तला खूण केली. तो मुठी आवळून गप्प उभा राहिला, ओरडला नाही, एवढं तो शिकला होता.

"फक्त एक आहे," संस्कृती म्हणाली. "हा सीन कारखान्यातला आहे ना, त्यामुळे इतकं शांत चालणार नाही. मागे यंत्रमागाचा आवाज आम्ही घालू. आमच्याकडे आवाजांचा साठा असतो. तुम्हाला पाठवते, ऐकून सांगा."

पाठवला. मी ऐकला. देवदत्तनं ऐकला. मामांच्या कानावर हेडफोन चढवून पूर्ण आवाजात लावला. मामांनी ऐकून तोंड वाकडं केलं.

"हे तर तुझं शिलाई मशीन हाय की गं."

मी संस्कृतीला फोन लावला. "ते शिलाई मशीन आहे," म्हणाले. "तुमच्या साठ्यात माग नाही. माग मी पाठवते. किती हवा तेवढा."

सगळ्या उशा काढल्या. खिडकी सताड उघडली. पलीकडे सुंदरम्माचे माग पूर्ण जोरात चालू होते, फळीवरचे पेले नाचत होते. मी माईक उचलून खिडकीच्या गजाला बांधला. तिनं खालून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "इंदू! पंखा ओरडला की तुला चालत नाही, माझे माग ओरडले की खिडकी उघडतेस! डोकं फिरलं काय गं?"

"फिरू दे!" मी ओरडले. "तू बंद करू नको! चालव! जोरात चालव!"